मंगलआत्तीनं उजेडात आणलेला वाडा

मिरजेच्या एका जुन्या दवाखान्यात एक्स-रेच्या खोलीत नोकरी करून माझी मंगलआत्ती गेल्या वर्षी निवृत्त झाली. निरोपाच्या दिवशी सगळ्यांनी विचारलं, "बाई, तुम्हाला काय द्यायचं? घड्याळ? साडी?" ती म्हणाली, "मागच्या अडगळीत जुना व्ह्यू बॉक्स पडलाय, तेवढा द्या."

व्ह्यू बॉक्स म्हणजे एक्स-रे लावून बघायचा पत्र्याचा डबा. पुढं दुधी काच, आत ट्यूब. आता एक्स-रे थेट कॉम्प्युटरवर दिसतात, त्यामुळं त्याला कुणी विचारत नव्हतं. साहेब हसले, पण त्यांनी सही केली, आणि आत्ती तो डबा मांडीवर घेऊन रिक्षातून घरी आली. आल्या आल्या तिनं मला फोन केला.

"प्रांजल, तुजा त्यो कॅमेरा घिऊन ये रविवारी. बारकं दिसायची भिंगं हायती न्हवं तुज्याकडं? ती बी आन."

मी कडेगावच्या कॉलेजात शिकवते. फुलं, किडे, पानं यांचे जवळून फोटो काढायचा मला नाद आहे, तेव्हा तशी भिंगं माझ्याकडं होती. पण आत्तीला ती कशाला हवीत, हे मला तिच्या घरी जाऊन बसेपर्यंत कळलं नाही. तिनं कपाटातून बिस्किटाचा एक मोठा डबा काढला. त्यात कागदाच्या पाकिटांत घालून ठेवलेल्या निगेटिव्हच्या पट्ट्या होत्या. एकाही फोटोची कधी प्रत निघाली नव्हती.

त्या डब्यात काय होतं हे सांगायचं तर आधी आमच्या घराविषयी सांगावं लागेल.

आम्ही मेंढपाळ. आता टेंभू योजनेचं पाणी आलंय, माझे वडील सिद्धू डाळिंब लावतात, दारात ट्रॅक्टर आहे. पण माझ्या आज्ज्याचं, हरिबाचं, सगळं आयुष्य मेंढरांमागं गेलं. दिवाळी झाली की आटपाडीच्या माळावरून वाडा निघायचा. आमच्यात वाडा म्हणजे घर नव्हे. मेंढरं, घोड्या, कुत्री, घोड्यांच्या पाठीवर बांधलेल्या कोंबड्या आणि पोरं, आणि या सगळ्यांसोबत चालणारी चार कुटुंबं, हा वाडा. तो कृष्णाकाठच्या उसाच्या मुलखात जायचा. मेंढरांच्या लेंडीचं खत व्हावं म्हणून शेतकरी आपल्या रानात मेंढरं बसवून घेत. पाऊस तोंडावर आला की वाडा माघारी.

आत्ती तेरा-चौदा वर्षांची असताना म्हैसाळजवळ ओझं लादताना घोडी बुजली आणि हरिबाच्या मांडीचं हाड मोडलं. त्याला मिरजेला नेलं. आज्जीला, सुलाबाईला, मेंढरं सोडून थांबता येईना, म्हणून बापाजवळ लेक राहिली. त्याचा पाय वजन लावून टांगला होता आणि मधून मधून त्याला ढकलगाडीवरून एक्स-रेला न्यायचे. गाडी आत्ती ढकलायची. तिथं काम करणाऱ्या बाईंनी एकदा तिला अंधाऱ्या खोलीत आत घेतलं. लाल दिव्याखाली द्रावणात बुडवलेल्या कोऱ्या फिल्मवर हळूहळू बापाचं हाड उमटताना तिनं पाहिलं. ती रोज तिथं जाऊ लागली. फिल्म वाळत घालू लागली, चिमटे लावू लागली.

हरिबा पडल्या पडल्या हे बघत होता. पाय बरा होऊन निघायची वेळ आली तेव्हा त्यानं त्या बाईंना सांगितलं, "ही पोरगी हितंच ऱ्हाऊ द्या. हिचं मन लागलंय हितं. साळंचं काय ते तुमी बघा."

सुलाबाई भांडली. लेक परक्या गावात ठेवून वाडा पुढं न्यायचा, हे तिला पटेना. पुढचे दोन मुक्काम ती नवऱ्याशी बोलली नाही म्हणे. पण हरिबा बधला नाही. आत्ती वसतिगृहात राहून शिकली, मग दवाखान्यातच एक्स-रेचं शिक्षण घेतलं आणि त्याच खोलीत नोकरीला लागली. तिच्या लग्नाचं दोनदा जमलं आणि दोनदा मोडलं. त्याविषयी ती फार बोलत नाही.

नोकरी लागल्यावर तिनं मिरजेतल्या एका फोटोवाल्याकडून त्याचा जुना कॅमेरा घेतला. रजा मिळाली की ती वाडा कुठं उतरलाय हे विचारत एसटीनं जायची, दोन दिवस राहायची आणि फोटो काढायची. रोल धुवायला बाहेर देत नव्हती. दवाखान्याची अंधारी खोली होतीच. मोठ्या डॉक्टरांनी परवानगी दिली होती. काम संपल्यावर तो लाल दिवासुद्धा बंद करून ती एक्स-रेच्याच द्रावणात रोल धुवायची आणि तारेवर वाळत घालायची. एका चिमट्याला कुणाच्या तरी छातीची फिल्म, शेजारच्या चिमट्याला आमची मेंढरं.

"मग प्रती का नाही काढल्यास?" मी विचारलं.

"एक्स-रेच्या कुठं प्रती काढत्यात? डागदर तसाच वाचतो, तसंच मी बी वाचत हुते. मला दिसत हुतं की त्यात काय हाय ते."

तिला दिसत होतं, पण दुसऱ्यांना नाही. एकदा तिनं कौतुकानं पट्ट्या वाड्यावर नेल्या. माझ्या वडिलांनी सूर्याकडं धरून बघितल्या. काळी तोंडं, पांढरे केस, पांढरी बुबुळं. "आक्का, ही तर भुतं हायती," ते म्हणाले. सुलाबाईनं पोरांना त्या बघू दिल्या नाहीत. आत्तीनं पट्ट्या परत पाकिटात घातल्या. फोटो काढणं मात्र सोडलं नाही.

मग सत्त्याण्णव साली हरिबा गेला. घरात लावायला त्याचा एक फोटो नव्हता. तेव्हा आत्ती पट्ट्या घेऊन सांगलीतल्या एका स्टुडिओत गेली. तिथल्या माणसानं मन लावून प्रयत्न केला. पण एक्स-रेचं द्रावण लय कडक. त्यात धुतलेली फिल्म इतकी दाट झाली होती की तिच्यातून उजेड पलीकडं जाईना. कागदावर गडद पागोटं उमटलं, पायाजवळची काळी मेंढरं उमटली, आणि तोंडाच्या जागी पांढरा डाग. त्यानं हात टेकले. शेवटी मतदानाच्या ओळखपत्रावरच्या पुसट चित्रावरून कुणीतरी रंगवून दिलं, तेच भिंतीवर लागलं. तो माणूस आमचा आज्जा वाटत नाही असं सगळेच म्हणायचे. आत्तीनं त्यानंतर कॅमेरा हातात घेतला नाही.

एवढं सांगून तिनं डबा माझ्यापुढं सरकवला. "आता जमतंय का बघू."

आम्ही व्ह्यू बॉक्स टेबलावर आडवा ठेवला. वरून खाली बघेल असा कॅमेरा स्टँडला लावला. पट्टीच्या कडेनं उजेड डोळ्यात येऊ नये म्हणून आत्तीनं एका टाकाऊ, काळ्या पडलेल्या एक्स-रेला ब्लेडनं नेमकी खिडकी कापली. धूळ उडवायला रक्तदाब बघायच्या यंत्राचा रबरी फुगा होता. पहिल्याच फोटोत आडवे पट्टे आले. जुन्या ट्यूबचा उजेड थरथरतो, ते कॅमेऱ्याला कळतं. ट्यूब काढून आत एलईडीचं पॅनेल बसवलं, पट्टे गेले. मी लॅपटॉपवर निगेटिव्ह उलटी केली आणि समोर घोडी उभी राहिली, पाठीवर गुंडाळलेलं राहुटीचं पाल, त्यावर उलटी टांगलेली कोंबडी, आणि लगाम धरून माझे वडील, पोरसवदा, मिसरूड नुकतं फुटलेले.

मी ओरडलेच. आत्ती शांत होती. "व्हय, ही पलूसच्या मुक्कामातली," ती म्हणाली.

दोन-तीन रविवार आम्ही तेच करत होतो. लोकर कातरणी, तीन दगडांची चूल, जाळीच्या कुंपणात बसलेली मेंढरं, नदीत पोहणारी पोरं. पण हरिबाचे फोटो तसेच राहिले. तो नेहमी उन्हात उभा असायचा, त्यामुळं त्याचं तोंड फिल्मवर सगळ्यात दाट आलं होतं. पॅनेलचा उजेडही त्यातून जात नव्हता. मी लॅपटॉपवर किती खटपट केली, तरी तिथं पिठासारखा पांढरा डाग.

एका रविवारी मी गेले तर आत्तीनं डब्याचा खालचा पत्रा उघडला होता. कोपऱ्यात एक छोटा गोल दिवा होता. मला तो आधी दिसलाच नव्हता.

"फिल्म लय काळी आली तर डागदर ह्या दिव्याफुडं धरायचं," ती म्हणाली. "ट्यूबवर न दिसलेलं ह्यात दिसायचं. इतके दिवस माज्या ध्यानात कसं आलं न्हाई?"

त्याचा बल्ब उडाला होता. तसा बल्ब शोधायला ती सांगलीची दुकानं फिरली होती आणि मिळवून आली होती. आम्ही त्यावर दुधी प्लास्टिकचा तुकडा ठेवला. दिवा इतका तेज की डोळ्यांवर हात धरावा लागला. आत्तीनं पट्टी ठेवली, फुग्यानं वारा मारला आणि बाजूला झाली. मी फोटो घेतला, उलटा केला.

हरिबा मेंढीचं कोकरू काखेत धरून उभा होता. पागोटं, कपाळावर आठ्या, वरच्या ओळीत एक दात नाही. तो कॅमेऱ्याकडं बघून तोंडभर हसत होता.

आत्ती खुर्चीवर बसली. मी तिच्याकडं बघितलं नाही. ती म्हणाली, "मला वाटायचं, त्यो वैतागतोय. 'पुरं कर की गं, कामं हायती' म्हनायचा. त्या कॅमेऱ्यातनं बारकं दिसायचं, आन् फिल्मवर तर त्याचं तोंड म्हंजे कोळसा." मग तिनं लॅपटॉप जवळ ओढला. "माज्याकडं बघून हसतोय गं त्यो."

त्या दिवशी आम्ही हरिबाचे मिळतील तेवढे फोटो उजेडात आणले.

पुढच्या महिन्यात आत्ती गावी आली. आमच्या सोप्यात, म्हणजे पुढच्या पडवीत, टीव्हीला लॅपटॉप जोडला आणि दुपारी जेवणं झाल्यावर फोटो लावले. चौघं बघायला बसले होते; बघता बघता सोपा भरला, उरलेले अंगणात उभे राहिले. त्या वाड्यात चाललेल्या चारही कुटुंबांची माणसं आली होती. कुणाला आई सापडली, कुणाला चुलता. एकाला तर स्वतःचं लहानपण सापडलं, नागडं, घोड्यावर बांधलेलं, आणि सगळे त्याला हसले.

सुलाबाईच्या डोळ्याचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं. ती टीव्हीच्या अगदी पुढं बसली होती. माणसांच्या आधी तिनं घोडी ओळखली, मग कुत्रं, मग दोन मेंढ्या. हरिबा आला तेव्हा ती आणखी पुढं सरकली. त्याच्याकडं बघत म्हणाली, "फुडं न्हेऊ नगा. ऱ्हाऊ द्या असाच."

पडद्यावर हरिबा हसत राहिला आणि मागून माझ्या वडिलांचा आवाज आला. ते आलेल्या प्रत्येकाला सांगत होते, "आक्कानं काढलेत. धुतलेत बी तिनंच. आमच्या आक्कानं."

आज्जीचं मन भरल्यावर लावलेल्या फोटोंत एका विहिरीजवळचा फोटो होता. मागं ऊस, आणि एक ठसठशीत बाई तरुण सुलाबाईच्या भांड्यात ताक ओतत होती. "ह्या आनसाबाई," आज्जी म्हणाली. "कडेगावच्या अलीकडं ह्यांच्या रानात आमी दर साली बसायचो. ताकाला कवा न्हाई म्हनल्या न्हाईत."

मी कडेगावला परतल्यावर चौकशी केली. आनसाबाई वारल्याला बरीच वर्षं झाली होती. त्यांचा मुलगा लालासाहेब मोठा बागायतदार, साठीच्या पुढचा. मी त्यांना मोबाइलवर तो फोटो दाखवला. त्यांनी चष्मा पुसून पुन्हा बघितला.

"आमच्या घरात आईचा फोटो हाय, पण त्यो अंथरुणाला खिळल्यावरचा," ते म्हणाले. "ही अशी उभी असलेली आई मी पार इसरलो हुतो. ह्यो मला मिळंल का?"

"पाठवते की मोबाइलवर."

"न्हाई. मी येतो. काढणाऱ्या बाईंना भेटल्याशिवाय कसा न्यायचा?"

आणि ते खरंच आले. ज्या लोकांच्या रानात जागा मिळावी म्हणून आमची माणसं बांधावर ताटकळत उभी राहायची, त्यांच्यातला एक माणूस पहिल्यांदाच आमच्या अंगणात चपला काढत होता. सुलाबाई दारातच बसली होती. सवयीनं ती उठायला लागली.

"या मालक," ती म्हणाली.

"बसा हो मावशी. मालक कशाला म्हंता? तुमच्या दारात आईचा फोटो मागायला आलोय मी." ते तिच्याजवळ जमिनीवरच टेकले. "कुणी काढलाय ह्यो?"

"माज्या लेकीनं," सुलाबाई म्हणाली. "ती मिरजेच्या दवाखान्यात हुती, एक्स-रेत. तिच्या बानं ठिवली तिला तिथं." मग म्हणाली, "मी नगं म्हनत हुते. त्याचंच खरं झालं."

आत्ती आतून फोटोची मोठी प्रत घेऊन आली होती. आईचं बोलणं तिनं उंबऱ्यात ऐकलं. तिनं तोंड दुसरीकडं केलं, पदर नीट केला आणि मग पुढं येऊन प्रत लालासाहेबांच्या हातात दिली. त्यांनी ती दोन्ही हातांनी घेतली.

"दादा," आत्ती म्हणाली, "मागं विहिरीवर आनखी एक बाई उभ्या हायती. आमच्यातलं कुनी ओळखंना. तुमी बघता का जरा?"

लालासाहेबांनी प्रत उजेडाकडं तिरपी धरली. सुलाबाई त्यांच्या खांद्यावरून वाकली, आणि दोघं मिळून त्या बाईला ओळखायला लागले.