असोल्या नारळातलं औषध

आमच्या घरात देवावर भरवसा ठेवायचं काम यांचं आणि दाराची कडी नीट लागली की नाही ते बघायचं काम माझं. लग्न झाल्यापासून ही वाटणी न बोलताच ठरून गेली होती. हे पूजेला बसले की जगाला विसरायचे, आणि मी नैवेद्याचं ताट मांडता मांडता मांजर कुठे आहे ते बघून घ्यायची. मला देव मान्य नव्हता असं नाही. पण चौलच्या एका नारळाच्या वाडीतल्या आमच्या संसाराकडे बघायला त्याला फुरसत असेल, हे काही मनाला पटत नव्हतं. यांना मधुमेह झाल्याचं मुंबईच्या डॉक्टरांनी सांगितलं, त्या दिवशी तर होता नव्हता तो विश्वासही डळमळला. यांनी तिशीसुद्धा ओलांडली नव्हती. अंगावरचं मांस झडून गेलेलं, तांब्यामागून तांब्या पाणी पिऊनही तहान भागत नव्हती. मी विचारलं, "एवढी पूजा केलीत, त्याचं हेच फळ का?" तर म्हणाले, "अगं, त्याच्या ध्यानात असेल सगळं." मला इतका राग आला की मी पाणी आणायच्या निमित्ताने उठले आणि दवाखान्याच्या जिन्यात उभी राहून पोटभर रडले.

इन्सुलिनचं औषध आपल्याकडे येऊन तेव्हा थोडीच वर्षं झाली होती. त्याच्या आधी या वयात हा आजार झालेला माणूस वाचत नसे, हे डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं. आता वाचेल, पण सकाळ-संध्याकाळ जेवणाआधी सुई टोचायला हवी, आणि ती जन्मभर. चौलला रोज दोनदा डॉक्टर कुठून येणार? तेव्हा सुई मीच शिकले. आधी मोसंब्यावर सराव केला. यांना टोचताना हे डोळे मिटून नामस्मरण करायचे आणि मी डोळे फाडून पिचकारीवरच्या रेघा बघायची. सगळा पावसाळा आम्ही मुंबईत नात्यातल्या एका घरी काढला. नारळी पौर्णिमा होऊन रेवदंड्याच्या बोटी पुन्हा सुरू झाल्या आणि डॉक्टरांनी घरी जायला परवानगी दिली. निघताना त्यांनी बजावून सांगितलं, "औषध थंड राहिलं पाहिजे. ऊन लागू देऊ नका, बोटीच्या इंजिनाजवळ ठेवू नका. आणि सुई एखाद्या वेळेला चुकली तर निभावेल, दोन दिवस चुकली तर मी काही सांगू शकणार नाही."

आता ते थंड ठेवायचं कसं? बर्फ वाटेतच वितळणार, आणि ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या काचेच्या बाटल्या माणसांच्या रेटारेटीत टिकणार नाहीत. दोन दिवस मी त्याच विचारात होते. शेवटी वाडीतली सवय उपयोगी पडली. गावाहून आलेला सालासकटचा, म्हणजे असोला नारळ घरात होता. त्याचं सोडण, म्हणजे वरचं काथ्याचं साल, मी उभं चिरून दोन भागांत सोडवलं, आतला नारळ काढून घेतला आणि त्या जागी औषधाच्या चार बाटल्या मेणकापडात आणि जुन्या लुगड्याच्या मऊ चिंध्यांत गुंडाळून बसवल्या. सोडण पाण्यात भिजवलं की दिवसभर ओलं आणि गार राहतं, धक्काही सोसतं. दोन्ही भाग पुन्हा जुळवले आणि सुंभाने आवळून बांधले. बाहेरून बघणाऱ्याला वाटावं, असोला नारळच आहे. मी माझ्या हुशारीवर खूश होते, तोच हे देवघरातून उठून आले, त्यावर हळदकुंकू वाहिलं आणि लाल खणाचा एक तुकडा सुंभाखाली खोचला. मी म्हटलं, "अहो, औषध आहे ते. त्याची पूजा कसली करताय?" हे म्हणाले, "समुद्रावरून न्यायचंय. राहू दे." मी मान उडवली, पण तुकडा काही काढला नाही. एवढ्यातेवढ्यावरून बोटीच्या दिवशी कोण वाद घालणार?

रेवदंड्याला बोट किनाऱ्याला लागत नसे. ती खाडीच्या तोंडाशी उभी राहायची आणि होडीने माणसं काठाला यायची. पौर्णिमा होऊन गेली तरी समुद्र अजून पुरता शांत झाला नव्हता. होडी बोटीच्या अंगाला खाली-वर होत होती. औषधाचं ते सोडण मी सबंध वाटभर छातीशी धरून ठेवलं होतं. मी आधी होडीत उतरले. हे उतरू लागले, आणि पाय टेकतो न टेकतो तोच लाट आली. होडी एका अंगावर कलली आणि अशक्त झालेले हे सरळ पाण्याकडे झुकले. मी दोन्ही हातांनी यांचा सदरा धरून मागे ओढलं. हे माझ्या अंगावर कोसळले, होडीतली माणसं ओरडली, आणि सगळं सावरल्यावर माझ्या लक्षात आलं की माझे हात रिकामे आहेत. सोडण पाण्यात पडलं होतं. भरतीचं पाणी खाडीत शिरत होतं, आणि पौर्णिमेला वाहिलेले नारळ, सोडणं, केळीचे खांब असं काय काय त्या पाण्यात तरंगत होतं. मी होडी हाकणाऱ्या तांडेलाला हात जोडून विनवलं. त्याने होडी फिरवून शोधलंही, पण सूर्य समोर आलेला, पाणी नुसतं चमकत होतं. सोडण दिसलं नाही.

आम्ही घरी पोचल्याबरोबर, वाडी सांभाळायला मागे राहिलेले धाकटे दीर तसेच औषध आणायला निघाले. चौलहून अलिबाग, तिथून रेवस, रेवसहून मुंबई, आणि तेवढाच प्रवास परत. कितीही धावले तरी तिसऱ्या दिवसाच्या आत येणं शक्य नव्हतं. त्या संध्याकाळची सुई चुकली. सुया, पिचकारी, स्पिरिट, सगळं पेटीत नीट होतं. नव्हतं फक्त औषध. सकाळी उठले तेव्हा यांचे ओठ कोरडे पडलेले, पोटात ढवळत होतं आणि श्वास खोल खोल चालला होता. मला मुंबईचे ते पहिले दिवस आठवले. हे मात्र म्हणतात कसे, "शीतलादेवीची ओटी भरून ये. सुखरूप आलो म्हणून." सुखरूप! मी म्हटलं, "तुम्हाला अशा स्थितीत टाकून जाऊ?" म्हणाले, "इथे बसून तरी काय करणार आहेस?" खरंच, काय करणार होते? टोचायला औषध नव्हतं, आणि यांच्या श्वासाकडे बघत बसणं मला सोसत नव्हतं. शेजारच्या काकूंना यांच्याजवळ बसवलं, ताटात तांदूळ, खण, नारळ घेतले आणि निघाले. वाटेत मी देवीशी जे काही बोलले ते लिहिण्यासारखं नाही. प्रार्थना तर ती मुळीच नव्हती.

देवळात फारसं कोणी नव्हतं. गाभाऱ्यापुढे एक कोळीण हात जोडून बसली होती, आणि बाहेरच्या अंगाला गुरव जमिनीत रोवलेल्या पहारीवर नारळ सोलायच्या तयारीत होते. मी पायरीवर पाऊल ठेवलं आणि सहज तिकडे नजर गेली. गुरवांनी दोन्ही हातांनी एक असोला नारळ पहारीवर मारायला उचलला होता. त्याला सुंभ बांधलेला होता, आणि सुंभाखाली लाल खणाचा तुकडा होता.

"थांबा!" मी एवढ्या जोरात ओरडले की माझं मलाच नवल वाटलं. ताट हातातून पडलं, तांदूळ पायऱ्यांवर सांडले. गुरवांचे हात वरच्या वर राहिले. "अहो बाई, देवीचा नारळ आहे हा," ते म्हणाले. मी म्हटलं, "तो नारळ नाही! माझा नवरा आहे त्यात!"

गुरव माझ्याकडे बघतच राहिले. आतली कोळीण उठून बाहेर आली आणि तोंडाला पदर लावून म्हणाली, "नवरा? नारलान?" मग मी धापा टाकत सगळं सांगितलं. ती ऐकता ऐकता गंभीर झाली. म्हणाली, "कालवांच्या खडकान अडकलेला गावला मना. सोडनं तर रोजची दिसतान, पन याला खण होता, कुंकू होतं. दर्याला वाहिलेला नारल दर्यानं फिरवून दिला, आता तो घरान कसा नेयाचा? म्हून आईला आनला." गुरवांनी सोडण हातात तोललं. मला वाटलं, आता हे म्हणणार, देवीला दिलेलं परत मिळत नाही. पण ते गाभाऱ्यात गेले, सोडण देवीच्या पायाशी टेकवलं, परत आले आणि म्हणाले, "पदर पुढे करा बाई. देवीनंच दिलं समजा." ओटी भरायला मी गेले होते आणि भरली माझीच. मला तेव्हा रडू आलं नाही, हसू आलं. मोठ्याने हसले मी, देवळात, आणि ती कोळीणही माझ्याबरोबर हसली.

घरापर्यंत मी चालत गेले की पळत, ते मला आठवत नाही. कोळीण मावशी माझ्या बरोबरीने येत होती. नारळात नवरा कसा मावतो ते तिला बघायचं होतं. सुंभाच्या गाठी खाऱ्या पाण्याने इतक्या आवळल्या होत्या की कोयत्याने कापाव्या लागल्या. चार बाटल्यांपैकी एक तडकली होती. तीन धडधाकट होत्या, हाताला गार लागत होत्या. मी पाणी उकळलं, सुई उकळली, पिचकारी भरली आणि रेघा दोनदा तपासल्या. टोचलं तेव्हा यांच्याबरोबर मावशीनेही डोळे मिटून घेतले. दुपार कलेपर्यंत यांचा श्वास हलका झाला. तिन्हीसांजेला यांनी डोळे उघडले आणि म्हणाले, "काही खायला आहे का?" तेवढे चार शब्द ऐकून माझ्या अंगात हत्तीचं बळ आलं. पुढे दीर नवीन औषध घेऊन घामाघूम होऊन दारात उभे राहिले, तेव्हा हे ओटीवर बसून त्यांचीच वाट बघत होते.

यांना सगळी हकीकत सांगताना मला धास्ती होती की हे म्हणणार, बघ, मी सांगत नव्हतो? तसं काही म्हणाले नाहीत. सोडणाचा एक तुकडा हातात घेऊन उलटसुलट बघितला आणि म्हणाले, "बांधलं होतंस मात्र घट्ट." आणि मी म्हणाले, "खण नसता तर मावशीने ढुंकूनसुद्धा पाहिलं नसतं." इतक्या वर्षांच्या संसारात एकमेकांच्या बाजूने आम्ही बोललो ती बहुधा पहिलीच वेळ. त्या मार्गशीर्षात दत्ताच्या जत्रेला हे डोंगर चढून गेले. मी मागून सुईची पेटी घेऊन चढत होते आणि यांना दम लागतो का ते बघत होते. दम मलाच लागला. हे वरून हाका मारत होते.

याला चमत्कार म्हणायचं की भरतीचं पाणी, या वादात मी कधी पडले नाही. लोक विचारतात तेव्हा मी झालं तेवढं सांगते. मला स्वतःला मात्र एक गोष्ट त्या होडीत कळली, आणि ती कळायला मला पोथी वाचावी लागली नाही. माणसाला हात दोनच असतात. ज्याला धरायचं त्याला दोन्ही हातांनी धरावं लागतं, आणि मग दुसरं काहीतरी सुटतंच. गाठी आपण नीट बांधाव्यात, रेघा नीट तपासाव्यात, त्यात कसूर करू नये. पण सुटेल ते बुडेलच असं धरून चालू नये. ते झेलणारा कोणीतरी असतो, कधी खाडीच्या खडकात, कधी देवळाच्या पायरीवर. यांना हे आधीपासून ठाऊक होतं. मला ते माझ्या वाटेने कळलं, आणि त्या आईचे उपकार मी रोज दिवा लावताना आठवते.

आता थांबते. हे लिहीत बसले तेवढ्यात यांनी ओटीवरून साखरेच्या चहासाठी तिसरी हाक मारली आहे. आवाज खणखणीत आहे. देवी माझ्या बाजूची आहे, त्यामुळे तिसऱ्यांदाही मी ठणकावून नाहीच म्हणणार आहे.