टीव्हीवर उमटलेलं दुसऱ्याचं मन

पोलादपूरच्या वर, आंबेनळी घाटाच्या अंगाला आमची वाडी. गणपतीत मुंबईकर आले की माझ्या पडवीत गर्दी होते, कारण इंटरनेटचा टीव्ही एवढा एकच. जो तो त्यात आपल्या मोबाईलचं खातं उघडतो, मंडळाचे व्हिडिओ दाखवतो आणि खातं तसंच ठेवून मुंबईला निघून जातो.

त्या वर्षी शेजाऱ्याच्या मुलाचं खातं राहिलं. दिवाळीनंतर भजन लावायला गेलो, तर कोपऱ्यात त्याचा फोटो आणि पडद्यावर व्हिडिओ: नोकरी गेल्यावर काय करावं, घरच्यांना कसं सांगावं. दुसऱ्या दिवशी आणखी नवे. तो तिकडे फोनवर जे शोधायचा ते डोंगर चढून माझ्या भिंतीवर यायचं. जन्मदात्याला ठाऊक नसलेली काळजी त्या काचेला ठाऊक होती. मी थक्क होऊन रोज बघत राहिलो.

न राहवून त्याच्या बापाला विचारलं, "पोराचं काम सुटलं काय रे?" कुठून कळलं ते लपवलं. बापाने लगेच फोन लावला. मुलाने ही गोष्ट फक्त बायकोला सांगितली होती. तिनेच वाडीत फोडली समजून त्याने तिच्याशी बोलणं टाकलं आणि ती उमरठला माहेरी आली. वाडीतल्या बायका म्हणायच्या, "तिच्या पोटात काय राहत नाय गो!" मी ऐकून गप्प बसायचो.

शिमग्याला तो आला, तेव्हा त्याला टीव्हीसमोर बसवलं. त्याने सकाळी एसटीत पाहिलेला व्हिडिओ सगळ्यात वर होता. तो बघतच राहिला.

"आबा, हे कधीपासून?"

"खातं गणपतीपासून. माझ्या ध्यानात आलं दिवाळीनंतर."

"आणि तुम्ही बघत होता? तेव्हाच तोंड उघडायला काय झालं होतं?"

त्याने खातं काढलं आणि मला मोटारसायकलवर बसवून उमरठला नेलं.

तिने दारातच सगळं ऐकलं. नवऱ्याला म्हणाली, "मी रडून सांगत होते ते खोटं, आणि टीव्ही बोलला म्हणून खरं होय?" तो खाली बघत होता. मग माझ्याकडे वळली. "आबा, वाडीत सगळ्यांसमोर सांगा. मग येते."

पालखी अंगणात आली तेव्हा मी उभा राहून सांगितलं. बायका हसायला लागल्या. "टीव्ही कुठं चुगली करतो होय? आबा सुनेला पाठीशी घालतायत!"

ती शब्दाला जागली, आली. पण तिच्यामागची कुजबुज अजून थांबलेली नाही. म्हणून हे लिहून ठेवतो. ती कुणाला काही बोलली नव्हती.