जन्म कुठला?

वन्सं गेल्या त्या दिवशी आमच्या वाशीचा बाजार होता. शाळेचा शिपाई त्या वारल्याचा निरोप घेऊन आला तेव्हा मी ज्वारी निवडत होते.

वन्सं म्हणजे माझी थोरली नणंद, गावच्या शाळेत शिक्षिका. संस्थानाच्या विलीनीकरणानंतरच्या वर्षांत पोटासाठी परगावाहून कोण कोण आलं, याचा अभ्यास एक प्राध्यापक करत होते. वाशीचं काम त्यांनी वन्संकडे दिलं आणि वन्संनी सोबतीला मला घेतलं. मी माकणीहून लग्न होऊन आलेली, वाचनापलीकडं फारसं काही न येणारी... काखेत घोंगडीचा तुकडा घेऊन त्या निघत. कुणाच्याही अंगणात तो अंथरत, घरच्या बाईला शेजारी बसवत आणि विचारत, "जन्म कुठला?"

पेठेतल्या जुन्या घरांतून उत्तरं आली, अणदूर, माकणी, तुळजापूर. माणसं पिढ्यान्‌पिढ्या इथली, पण बाळंतपण आईच्या माहेरी. वडारवस्तीतली पोरं मात्र सगळी वाशीची. तिथली यल्लव्वा म्हणाली, "आमाला कुठलं म्हायेर, बाई? हितंच, दगडाच्या ढिगाआड." घरी येऊन मांडणी केली, तर पाटील परगावचे आणि वडार गावचे!

त्याच उन्हाळ्यात पंचांनी वस्तीला आडावर पाणी भरू द्यायचं नाकारलं. "बाहेरची माणसं ती. आज हाईत, उद्या न्हाईत." वन्सं चावडीवर गेल्या.

"पाटील, तुमचा जन्म कुठला?"

"अणदूरचा. आजोळी."

"मग आधी तुमची घागर थांबवू या."

म्हातारी मंडळी हसली. पाटीलही हसले. "बाई, लई वंगाळ हिशेब तुमचा."

"चुकलेलाच आहे. म्हणून दुसरं विचारते, वाढलात कुठं?"

याचं उत्तर पाटलांचं आणि वस्तीतल्या पोरांचं एकच होतं. वस्तीला पाणी मिळालं.

आम्हाला वाटलं, काम संपलं. वन्संनी मात्र पुन्हा घरोघर जाऊन तो दुसरा प्रश्न विचारला. शेवटी आमच्याच ओसरीवर घोंगडी अंथरून मला म्हणाल्या, "आता तुमचं सांगा. वाढलात माकणीला, पण घर कुठं?" तोवर गल्लीत मी 'माकणीची' होते. उत्तराची वाट न पाहता त्याच म्हणाल्या, "इथंच की," आणि लिहूनही टाकलं. त्या दोन शब्दांनी मी या घरात रुजले.

वन्सं गेल्याचं कळून परवा यल्लव्वा भेटायला आली. परगावच्या एका पाहुणीनं तिला विचारलं, "तुम्ही कुठल्या?"

"हितल्याच," ती म्हणाली आणि वन्संच्या घोंगडीवर बसली.

तो तुकडा आता दाराजवळच्या खुंटीला असतो. कुणी आलं, की मी अंथरते.