ताव दिलेली तार

आमच्या घरी तारकशी चालायची. चांदीच्या कांडीवर सोन्याचा पत्रा चढवायचा आणि ती जंतरातून, म्हणजे भोकं पाडलेल्या पोलादी पट्टीतून, ओढत ओढत केसाएवढी करायची. ओढून ओढून तार कडक झाली की शेगडीत लाल करून मऊ करायची. त्याला ताव देणं म्हणतात. ओढणं नवऱ्याचं, ताव माझा. शिरूरहून लग्न होऊन दौंडला आले तेव्हा सासूने एकदाच दाखवलं, पुन्हा दाखवावं लागलं नाही.

साठ सालानंतर जरीचं काम बसलं. त्या सुमारास पुण्याच्या एका प्रयोगशाळेतले साहेब आले. तांब्याच्या नळीत दोन धातूंची भुकटी ठासून भरलेली होती, तिची तार करून हवी होती. त्यांच्या मशीनवर नळी फाटत होती. भयंकर थंडीत ठेवली की या तारेतून वीज जराही वाया न जाता धावते, असं ते म्हणाले.

"थंडी म्हंजी बर्फाएवढी?" मी विचारलं.

"तिथे बर्फ म्हणजे शेगडीच, बाई."

नवरा हसला. "मग आमच्या बायकूलाच न्या, साहेब. ती बर्फाहून गार हाय."

साहेबांनी बजावलं, "तार रिळावर गुंडाळून झाली की आम्हीच भट्टीत घालू. त्याआधी विस्तव दाखवायचा नाही. आतली भुकटी काचेसारखी होते." तार धड झाली तर नवऱ्याला त्यांच्या वर्कशॉपात कायमची नोकरी होती. आमच्याकडे दुसरं काही उरलं नव्हतं.

दोन नळ्या फुकट गेल्या. तिसरी शेवटची. ती नवऱ्याने अकरा दिवस ओढली, तळहात सोलून निघाले. तार उतरली, पण ताठ, हट्टी. साहेबांना आणायला तो स्टेशनवर गेला.

कडक तार आमच्या घरातून कधी बाहेर गेली नव्हती. गेली तर लोक म्हणणार, हिला शेगडी फुंकता येत नाही. साहेबांचं पुस्तकातलं, माझं हातातलं, असं मला वाटलं. मी ताव दिला. काळी पडली म्हणून चिंचेच्या पाण्यात धुऊन लख्ख केली.

साहेबांनी रिळावर पहिला वेढा घेतला आणि तार तुटली. दुसऱ्या वेढ्याला परत तुटली.

"हिला ताव कोणी दिला?"

नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं. "म्या दिला, साहेब. हाताला सवय हाय."

मी गप्प बसले. बोलले असते तर त्याला ठेवून घेतलं असतं, चूक त्याची नव्हतीच. तेव्हा हे सुचलं नाही असं मी म्हणणार नाही. सुचलं होतं.

साहेब तुकडे कागदात बांधून गेले. नवरा रेल्वेच्या शेडात इंजिनांना कोळसा भरायला लागला. एकदाच म्हणाला, "सांगितलं व्हतं न्हवं, इस्तू दावू नगंस म्हणून?"

"व्हय," मी म्हणाले.

कोळशाने त्याची छाती खाल्ली. सातव्या वर्षी गेला. शेवटी शेवटी त्याला आडवं होऊन झोपता येत नव्हतं, भिंतीला टेकून बसायचा.

साहेबांचा पत्ता तेवढी वर्षं घरात होता. मला लिहिता येत होतं, चौथीपर्यंत शिकले होते. पत्र घातलं नाही.