भाऊंची पंधरा मिनिटं

आमच्या भाऊंना जन्मात कुणाला 'उठा' म्हणता आलं नाही. भीड ही भिकेची बहीण म्हणतात. भाऊंकडे ती कायमची राहायलाच आली होती. तरुणपणी ते एका वाचनालयात कामाला होते. दुपारी पेपरवर डोकं टेकून घोरणाऱ्यांना उठवणं हे त्यांच्याकडचं काम. भाऊ झोपलेल्याच्या हाताखालून पेपर हळूहळू ओढून घ्यायचे आणि ताटकळलेल्या वाचकाला द्यायचे. एकदा पेपर फाटला. अर्धा भाऊंच्या हातात आला, अर्धा झोपलेल्याच्या गालाखाली राहिला. भाऊंनी हातातला अर्धा वाचकाला दिला आणि हळूच सांगितलं, "बाकीचा हे उठले की वाचा."

घरीही तेच. वहिनी सांगायच्या, "पाहुणा उठावा म्हणून हे स्वतःच चपला घालतात आणि दारात जाऊन उभे राहतात. पाहुणा आत मजेत, हे बाहेर!"

असा माणूस आमच्या ऑफिसात सर्व्हर सांभाळायला आला. आमचं ऑफिस शहरातल्या बसगाड्यांची वेळापत्रकं करतं. आम्ही सव्वीस जण आणि सर्व्हरवर एका वेळी जागा बारा. तेरावा आला की त्याने कुणीतरी बाहेर पडेपर्यंत भिंत बघत बसायचं. त्यामुळे लोक सकाळी आल्या आल्या लॉगिन करायचे आणि कॅन्टीनला जायचे, सीटवर रुमाल टाकल्यासारखे. भाऊ मग रिकाम्या खुर्चीपाशी जाऊन, मालक परत येईपर्यंत उभे राहायचे आणि तो आला की खोकायचे. त्यापुढे त्यांची मजल जात नसे. आठ दिवसांत लोकांनी त्यांना खोकल्याच्या गोळ्या आणून दिल्या.

शेवटी भाऊंनी तोड काढली. जे आपल्याच्यानं बोलवत नाही ते यंत्राने बोलावं. त्यांनी एक प्रोग्राम लिहिला: पंधरा मिनिटं कळ दाबली नाही, माऊस हलला नाही, की माणूस आपोआप लॉगआउट. स्क्रीनवर पाटी यायची, 'क्षमा असावी. आपली हरकत नसल्यास पुन्हा यावे.' भाऊ इतके खूश झाले की त्या दिवशी त्यांनी अख्ख्या ऑफिसला चहा पाजला. "आता मला कुणाच्या तोंडाला लागायला नको," म्हणाले.

पण प्रोग्राम कोण कितीदा बाहेर पडला याची नोंदही ठेवत होता, आणि ती साहेबांच्या नजरेला पडली. आमच्या साहेबांना यादी दिसली की राहवत नाही. त्यांनी फर्मान काढलं: महिनाभर नोंद ठेवायची, पुढच्या महिन्याच्या पहिल्या सोमवारी बैठक, आणि ज्याचं नाव सगळ्यात वर, तो रिकामटेकडा म्हणून डेपोच्या गोदामात. गोदाम म्हणजे तीन जिने उतरून तळघर. तिथे जुने टायर, ब्रेकचे सुटे भाग आणि एक पंखा, तोही फिरण्यापेक्षा बोलणारा.

पहिल्या आठवड्यातच कळलं की सगळ्यात वर बाईंचं नाव आहे.

बाई म्हणजे आमच्या वेळापत्रकाचा मेंदू. पेन्शनला दोन वर्षं उरलेली, गुडघे कामातून गेलेले, तीन जिने चढउतार म्हणजे त्यांना शिक्षाच. त्यांची कामाची पद्धत अशी की समोर कोरी स्क्रीन, हात मांडीवर आणि नजर भिंतीवरच्या पाणी झिरपून पडलेल्या डागावर. वीस-पंचवीस मिनिटं हूं नाही की चूं नाही. कुठली गाडी कुठे थांबली तर मागच्या तीन गाड्या कुठे अडकतील, हे सगळं डोक्यात मांडून झालं की बाई सहा ओळी टाइप करायच्या. त्या सहा ओळींत कधी खोट निघाली नाही. पण पंधराव्या मिनिटाला पाटी यायची, 'क्षमा असावी', आणि बाईंची जागा दुसराच कुणी पटकावायचा. बाई पुन्हा रांगेत. तोवर डोक्यातल्या गाड्या पांगलेल्या.

आणि यादीत सगळ्यात खाली, शून्यावर कोण? मी.

मी कामसू आहे असा कुणाचा समज असेल तर तो दूर करतो. सासऱ्यांनी मला लग्नात एक मनगटी घड्याळ दिलं होतं, बहुधा माझ्यावर लक्ष ठेवायला. ते टेबलावर उताणं ठेवून त्यावर माऊस ठेवला, की सेकंदकाटा खालून फिरतो आणि स्क्रीनवरचा बाण वळवळत राहतो. सर्व्हरला वाटतं, माणूस काम करतोय. माणूस कॅन्टीनमध्ये असतो.

बाईंचं मला वाईट वाटायचं, हे खरं आहे. म्हणून मी त्यांना एक युक्ती सुचवली. घड्याळाची नव्हे, ती माझी होती. म्हटलं, "बाई, विचार करताना एखाद्या कळेवर खोडरबर ठेवत जा. कळ दाबलेली राहील, पाटी येणार नाही." त्यांना ते पटलं नव्हतं, पण गुडघ्यांनी पटवलं. खोडरबर नेमका सातच्या कळेवर बसला आणि रकान्यात मावले तेवढे सात भरले. आमचा सर्व्हरही भाऊंच्याच वळणाचा. कुणाला 'हे काय लिहिलंत' म्हणून विचारत नाही. दुसऱ्या दिवशी बसस्टँडच्या फळ्यावर सात सत्याहत्तरची गाडी लागली. लोक तिची वाट बघत थांबले. एक आजोबा तर इतरांना समजावत होते, "येईल हो. उशिरा लिहिलीय म्हणजे उशिरा येईल."

बाईंनी चुकांच्या वहीत स्वतःचं नाव लिहिलं. मी मूग गिळून गप्प बसलो.

बैठकीच्या सोमवारी सकाळी भाऊ माझ्या टेबलापाशी आले. खोकले. मी गोळी पुढे केली, ती त्यांनी घेतली नाही. एक कागद ठेवला आणि निघून गेले. कागदावर माझीच नोंद होती. शनिवारी सकाळी दहाला मी कामाला लागलो होतो, जेवणाच्या सुट्टीतही थांबलो नव्हतो आणि आदल्या दिवशी, म्हणजे रविवारी, ऑफिसला कुलूप असताना चोवीसच्या चोवीस तास काम करत होतो. रविवारच्या ओळीखाली पेन्सिलीने एक बारीक रेघ होती. शनिवारी घड्याळ माऊसखाली विसरलो ते सोमवारी येऊन मनगटावर चढवलं होतं. शहाणपणाने हात दाखवला आणि अवलक्षण करून घेतलं.

भाऊंना सगळं ठाऊक होतं, आणि भीड आड येत होती. मला क्षणभर बरंच वाटलं. म्हटलं, हा माणूस काही तोंड उघडायचा नाही.

बैठकीत साहेबांनी यादी भिंतीवरच्या मोठ्या स्क्रीनवर लावली. आधी माझंच नाव घेतलं. "याला म्हणतात निष्ठा! रविवारीसुद्धा! रात्रीसुद्धा!" टाळ्या वाजल्या. बाईंनीही वाजवल्या, अगदी मनापासून, आणि शेजारून म्हणाल्या, "मला उगाच वाटायचं, तुम्ही कॅन्टीनमध्ये असता." त्या बोलण्यात कुसकेपणा असता तर मला सोसला असता.

मग साहेब म्हणाले, "बाई, तुम्ही उद्यापासून गोदामात. आणि वेळापत्रक आता हे बघतील." हे म्हणजे मी. मला घरून ऑफिसला यायची बस धड ठाऊक नाही. बाईंनी नुसता गुडघ्यावर हात ठेवला. चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि वर चोराला बढती! सगळं कळत होतं, तरी मी खुर्चीला चिकटून बसलो. खूप लाज वाटत होती. पण नुसत्या लाजेने माणूस उठत नाही.

भाऊ माझ्या मागच्या रांगेत होते. ते खोकले. मी मागे वळून पाहिलं नाही. पुन्हा खोकले. मग खुर्ची सरकल्याचा आवाज आला, आणि साऱ्या खोलीला ऐकू जाईल अशा आवाजात भाऊ म्हणाले, "ऊठ."

मी उठलो. मनगटावरचं घड्याळ काढलं, साहेबांच्या टेबलावर उताणं ठेवलं आणि त्यावर त्यांचा माऊस ठेवला. भिंतीवरच्या स्क्रीनवर बाण माझ्या नावाभोवती वळवळू लागला. सगळे बघत राहिले. साहेबांनी आधी माऊसकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"आणि रविवारी?" त्यांनी विचारलं.

"रविवारी मी सासुरवाडीला होतो, साहेब. सात सत्याहत्तरची गाडीही माझीच."

त्याला आता वर्ष होत आलं. बाई त्यांच्या जागी आहेत, डागाकडे बघत. भाऊंनी प्रोग्राम बदलला. तो आता बाहेर काढण्याआधी विचारतो, 'विचार चालू आहे का?', आणि बाई एक कळ दाबून 'हो' म्हणतात. गोदामात मी आहे. इथे सर्व्हर नाही, त्यामुळे काम करावं लागतं. घड्याळ मनगटावरच असतं.

शनिवारी संध्याकाळी भाऊ तीन जिने उतरून मला भेटायला येतात. टायरवर बसतात, बाईंची खबर सांगतात, वहिनींच्या तक्रारी सांगतात, मग सांगण्यासारखं संपतं आणि नुसते बसून राहतात. सहाला मला कुलूप लावायचं असतं. सव्वासहा होतात, साडेसहा होतात. मी किल्ल्या वाजवतो, पंखा बंद करतो, चपला घालून दारात जाऊन उभा राहतो. भाऊ आत मजेत.

मी खोकतो.