विषय : डिंकाचे लाडू

माझ्या बायकोच्या मामांना माणसाचा चेहरा लक्षात राहत नाही, पण त्याने आणलेल्या खोक्यावरचं लेबल ते जन्मभर विसरत नाहीत. त्यांची सगळी नोकरी मुलुंडच्या एका लेबलं छापणाऱ्या कारखान्यात झाली. औषधाच्या बाटलीपासून लोणच्याच्या बरणीपर्यंत कशावर काय चिकटावं, याची काळजी त्यांनी इतकी वर्षं वाहिली की निवृत्तीनंतरही ती काही उतरेना. समोर लेबल दिसलं की त्यांच्या उजव्या अंगठ्याचं नख आपोआप त्याच्या कोपऱ्याखाली जातं. मग बोलणं थांबतं, श्वासही बहुधा थांबतो, आणि लेबल अखंड सुटून आलं की मामा त्याच्या पाठीवरून बोट फिरवून म्हणतात, "पाणचट गोंद! आमच्या कारखान्याचा असता ना, तर पुठ्ठा फाटला असता, पण लेबल निघालं नसतं."

सोललेलं चांगलं लेबल फेकून देणं त्यांच्या जिवावर येतं. म्हणून ते घरातल्या डब्यांवर चिकटतं, आणि डब्यात काय आहे याची चौकशी कुणी करत नाही. एकदा मामी देवळात गेल्या होत्या म्हणून मी चहा करायला घेतला. 'बासमती'मध्ये पोहे निघाले, 'पोहे'मध्ये हळद, आणि 'साखर' उघडली तर आत दाढीचं सामान. शेवटी मामी आल्या आणि त्यांनी 'उंदराचं औषध' असं लिहिलेली बरणी काढून माझ्यापुढे ठेवली. "साखर यातच असते. नावामुळे कोणी हात लावत नाही," त्या म्हणाल्या. तो चहा मी प्यायलो, पण मन लावून नाही.

मॉलमध्ये त्यांच्याबरोबर जाण्याची चूक मी एकदाच केली. कुकर घेतला, काउंटरवर आलो, तर कुकरवर लेबलच नाही. काउंटरवरची मुलगी कुकर उलटासुलटा करून दमली, मागची रांग खवळली. "क्या अंकल, टाइमपास मत करो ना," असा कुणीतरी आवाजही दिला. मामा शांतपणे सगळ्यांबरोबर लेबल शोधत होते. शेवटी ते त्यांच्याच मनगटावर सापडलं. गोंद तपासायला म्हणून सोललं होतं आणि विसरले होते. आता ते परत काढावं, तर केसांसकट निघेना. त्या मुलीने देवाचं नाव घेऊन मामांच्या हातावरच मशीन धरलं. टिंग झालं आणि पडद्यावर मामा 'पाच लिटर, स्टील' म्हणून उमटले. घरी येईपर्यंत ते खुशीत होते आणि मी गोंधळात.

या सगळ्या पसाऱ्यात एक रोल मात्र मामांनी कधी कुणाला हात लावू दिला नाही. त्यांची एकुलती एक मुलगी मृणाल पहिलीत गेली, तेव्हा त्यांनी साहेबांची परवानगी काढून कारखान्यात तिच्या वह्यांची लेबलं छापून घेतली होती. वर तिचं नाव, मधे मामांचं, शेवटी आडनाव, आणि खाली इयत्ता, तुकडी, विषय यांसाठी रेघा. मशीन एकदा सुरू झालं की थोडक्यात थांबत नाही, त्यामुळे एवढी लेबलं निघाली की पोरगी सात जन्म शाळेत गेली असती तरी उरली असती.

मृणाल आता लग्न होऊन बंगळुरूला असते. परवा तिचं डोहाळजेवण ठरलं. मामींच्या गुडघ्याचं ऑपरेशन नुकतंच झालेलं, त्यामुळे दोघांनाही जाता येईना. मग मामींनी खुर्चीत बसून डिंकाचे लाडू वळले, हिरवी साडी आणली, आणि खोकं भरून झाल्यावर मामांनी कपाटातून तो रोल काढला. "नाव छापलेलंच आहे. पत्ता तेवढा टाकायचा." इयत्तेच्या रेघेपासून त्यांनी पत्ता लिहायला घेतला, आणि विषयाच्या रेघेवर स्वच्छ अक्षरात लिहिलं : डिंकाचे लाडू. मृणालचा फोन नंबर काही केल्या लिहू देईनात. "पोरीचा नंबर गावभर फिरवू? माझा टाकलाय." लेबल मात्र खोक्याला चिकटेना. मामांनी ते तीनदा दाबलं आणि पुठ्ठ्याला शिव्या घातल्या. ते आत पेन ठेवायला गेले, तेवढ्यात मी चारही कडांना सेलोटेप लावून टाकली.

डोहाळजेवण रविवारी होतं. गुरुवारी दुपारी खोकं मुलुंडला परत आलं. वर कुरियरवाल्यांची नवी चिठ्ठी : या पत्त्यावर या नावाची व्यक्ती राहत नाही. कुरियरवाल्याने मामांना फोन केले होते, पण अनोळखी नंबर मामा उचलत नाहीत. मामा खोकं मांडीवर घेऊन बसले. ती चिठ्ठी पुन्हा पुन्हा वाचत होते, पण नख हललं नाही.

"राहत नाही म्हणजे? जावईबापू, सकाळी तर बोलली माझ्याशी."

मामी हळूच म्हणाल्या, "अहो, तिथे तिचं नाव वेगळं लागतं ना. मधे जावयांचं, पुढे त्यांचं आडनाव. वॉचमनला काय कळणार हे कुणाचं?"

"पण मुलगी तर तीच ना?" मामांनी आमच्या दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. "मग उरलेल्या लेबलांचं मी काय करू?"

संध्याकाळी मामांनी मामींना माझ्या बायकोवर सोपवलं, मला मिळेल त्या गाडीचं तिकीट काढायला लावलं, आणि खोकं छातीशी धरून एकटेच बंगळुरूला गेले. रोल पिशवीत होता. कशाला, ते आम्ही विचारलं नाही.

सोमवारी त्यांचा फोन आला. लाडू वेळेवर पोचले होते, साडी लेकीला शोभली होती, सांबार गोड होतं. मग म्हणाले, "जावईबापू, मृणालने रोलमधलं एक लेबल दारावर लावलंय. जावयांच्या पाटीखाली."

"आणि तुम्ही ते अजून काढलं नाहीत?"

"प्रयत्न केला. निघतच नाही हो! आमच्या कारखान्याचा गोंद आहे तो."

त्या रोलचा गोंद कधीच वाळून गेलाय. म्हणजे तिकडे मृणालनेही बाबा आत गेल्यावर सेलोटेप शोधली असणार. मी म्हटलं, "मग! निघेल कसं?"