स्वागत कमानीखालचा दंड

मला आयुष्यात एकदाच दंड झाला, आणि तो माझ्या नवऱ्यानं मागून घेतला. पोलीस सोडून देत होता. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं कुणी उगाच पोलिसाला शिव्या द्यायला नको.

नवरा फौजी. आमच्या वाळवा तालुक्यात फौजी असणं म्हणजे काही नवल नाही, घराआड एक सापडेल. तो तिकडं सीमेवर आणि मी इकडं ऊस, सासू, पोरगी, बँक आणि ऊसतोडीच्या टोळ्या सांभाळत बसलेली. नवऱ्याला मी तोंडावर आवं-जावं करते. लिहिताना करणार नाही.

गाडी त्यानंच घेतली, मिलिटरी कँटीनमधून, स्वतःच्या नावावर. सुट्टीत आला, गाडीची पूजा केली, वर ताडपत्री घातली आणि ड्युटीवर परत गेला. ताडपत्रीखाली उंदरांनी वायरी कुरतडल्या, तेव्हा मात्र माझं डोकं फिरलं. इस्लामपूरला मोटार ट्रेनिंगचा क्लास लावला. तिथं शिकवलं ते लायसनपुरतं. खरी गाडी मी कारखान्याच्या गाडीतळावर शिकले, हंगाम बंद असताना, जिथं एरवी उसाच्या ट्रॅक्टरांच्या रांगा लागतात त्या मोकळ्या जागेत. गाव हसलं, हसून दमलं. मग तेच गाव कुणाची सून अडली, कुणाच्या म्हाताऱ्याच्या छातीत दुखलं की माझ्या दारात यायला लागलं. "वैनी, गाडी काढता का वं जरा?" मी काढायचे.

पोरगी आठवीत असताना तिला डेंग्यू झाला. पावसाची झड लागलेली, नदी फुगलेली. भरदुपारी दिवे लावून मी तिला एकटीनं सांगलीला नेलं. आष्ट्याच्या पुढं समोरचं काही दिसेना, तेव्हा पुढच्या टेम्पोचा लाल दिवा धरून गाडी चालवली. पोरगी शेजारच्या सीटवर माझी ओढणी पांघरून सांगली येईपर्यंत गाढ झोपली होती. दवाखान्याच्या दारात तिला उठवायचं माझ्या जिवावर आलं होतं.

तर असा हा फौजी यंदा उसाच्या हंगामात निवृत्त होऊन यायचा होता. आमच्याकडं फौजी रिटायर होऊन येतो तेव्हा नवरदेवाच्या वर थाट असतो. फाट्यावर कमान, उघडी जीप, हलगी, फुलं, पंचारती घेतलेल्या बायका. सगळी तयारी माझ्या धाकट्या दिरानं अंगावर घेतली होती. कमानीच्या फ्लेक्सवर नवऱ्याचा वर्दीतला मोठा फोटो होता आणि खाली कोपऱ्यात दिराचा, मोबाईल कानाला लावलेला. माझा कुठंच नव्हता. मी फक्त एवढंच मागितलं होतं की साताऱ्याच्या स्टेशनवरून फाट्यापर्यंत त्याला मी आणीन. फाट्यावर तो जीपमध्ये चढेल, मग गावानं त्याचं काय करायचं ते करावं.

स्टेशनवर तो उतरला तो कडक इस्त्रीचा कोट घालून, छातीवर पदकं लावून. मला बघून हसला. खरं सांगते, मलाही बरं वाटलं. डिकीत ट्रंक टाकली, शेजारी बसला. कराड मागं पडलं तशी त्यानं गाडीच्या डॅशबोर्डवर थाप मारली, बैलाच्या पाठीवर मारतात तशी.

"आता तुला कशाला तरास? आता मी हाय की. गाडी मी बघीन."

"आवं, किल्ली माझ्याकडंच ऱ्हाऊ द्या," मी म्हणाले. "पोरीला अठरा पुरी झाली. तिला मी शिकवणार हाय."

"घरी गेल्यावर बघू."

हे 'बघू' मला पाठ होतं. फोनवर वर्षानुवर्षं ऐकलेलं. पण मी ठरवलं होतं की बाकी सगळं त्याचं त्याला परत देईन, ऊस, बँक, आईची औषधं, काय हवं ते घे बाबा. किल्ली देणार नाही. त्या एका किल्लीवर मी माणसात आले होते. म्हणून त्या दिवशी मी गाडी फार मन लावून चालवली. त्यानं बघावं म्हणून. पेठनाक्यापर्यंत त्याला नाव ठेवायला जागा मिळाली नाही. मध्ये तर त्याचा डोळा लागला.

आता फाट्यावरच्या पाण्याचं सांगते. हंगामात उसाचे ट्रॅक्टर रानातून डांबरीवर येतात तेव्हा चाकांबरोबर काळी माती येते. ती रस्त्यावर वाळते, तिचा फुफाटा होतो. भावाच्या कोटावर धूळ बसू नये म्हणून दिरानं टँकर बोलावून फाट्याचा रस्ता भिजवला. एकदा पाणी मारून समाधान झालं नाही म्हणून परत मारलं. काळ्या मातीवर पाणी पडलं की काय होतं हे आमच्याकडं शेंबड्या पोरालाही कळतं. पण सत्काराच्या दिवशी गावात शेतकरी कुणी नसतो, सगळे कार्यकर्ते असतात.

आख्खा जिल्हा कोरडा आणि आमचा फाटा तेवढा ओला. मी वळले, समोर कमान दिसली, हलगी कडाडली, फटाक्यांची माळ सुटली आणि बायका पुढं सरकल्या. मी ब्रेक दाबला. गाडी थांबली नाही. पुढचं तोंड एकीकडं गेलं, ढुंगण दुसरीकडं, स्टिअरिंग हातात नुसतं फिरत राहिलं. मागची बाजू कमानीच्या बांबूवर आदळली. बांबू मोडला, कमान वाकली आणि माझ्या नवऱ्याचा मोठा फोटो पुढच्या काचेवर येऊन पडला. आत अंधार झाला. कुणाला खरचटलंसुद्धा नव्हतं.

बाहेर हसू फुटलं. ज्यांच्या सुनांना मी दवाखान्यात नेलं होतं, त्यांचं हसणं मला आवाजावरून ओळखू आलं.

बंदोबस्ताला एक पोलीस होता. त्यानं फ्लेक्स ओढून काढला, मला विचारलं, "ताई, लागलं न्हाई न्हवं?" लायसन बघितलं. खाली रस्त्याकडं बघितलं, बूट घासून बघितला. "ह्यो रस्ता हाय का घसरगुंडी! जाऊ द्या, गाडी बाजूला घ्या."

तेवढ्यात नवरा दुसऱ्या बाजूनं उतरला. कोट झटकला. गळ्यात अजून हार पडायचा होता, पण मान आधीच त्या तयारीत ताठ झालेली.

"का जाऊ द्या? समोर बायामाणसं हुती. फौजीची बायकू म्हणून सोडता व्हय? लिव्हा. आपल्या घरापास्नं सुरवात पायजे."

"आवं साहेब, आज तुमचा दिवस..."

"लिव्हा म्हणतोय न्हवं!"

पोलिसानं माझ्याकडं एकदा बघितलं. मग मशीन काढलं, गाडीचा फोटो घेतला, वाकलेल्या कमानीसकट, मी स्टिअरिंगवर बसलेली. बेदरकारपणे वाहन चालवल्याचा दंड. दिरानं माईक हातात घेतला आणि म्हणाला, "गड्यांनो, हिला म्हणत्यात मिलिटरीची शिस्त!" गावानं टाळ्या वाजवल्या. टँकर तिथंच लिंबाखाली उभा होता, नळातून अजून पाणी ठिबकत होतं. त्याच्याकडं कुणी बघितलं नाही. मी बोट दाखवून म्हणाले, "पाणी कुणी मारलं ते बी इचारा." टाळ्यांत ते कुणाला ऐकू गेलं नाही; दिराला गेलं, त्यानं हलगीवाल्याला खूण केली.

नवऱ्यानं खिडकीतून हात घातला, किल्ली काढली, कोटाच्या आतल्या खिशात टाकली. "उतर," म्हणाला. सीमेवरचा माणूस ज्या आवाजात बोलत असेल त्या आवाजात. मग तो जीपवर चढला आणि मी बायकांच्या घोळक्यात जीपच्या मागून चालत घरी गेले. पायांना ती काळी माती चिकटत होती. दारात मीच त्याला ओवाळायचं होतं. कुंकू लावताना अंगठा जरा जोरात दाबावासा वाटला, तो मी दाबला. फोटोत त्याचे डोळे मिटलेले आलेत. लोकांना वाटतं, भरून आलं.

गाडी त्याच्या नावावर, म्हणून दंडाचा मेसेज त्याच्या मोबाईलवर आला, फोटोसकट. त्यानं तो भरला नाही. मी म्हणाले, मी भरते. "असू दे की, काय घाई हाय!" पाहुणा आला की पाणी, चहा आणि मग तो फोटो. शत्रूच्या गोष्टी त्याला सांगता येत नाहीत किंवा सांगण्यासारख्या नसतील. ही एक त्याला पुरते. दर वेळी कमान थोडी आणखी वाकते, गाडीचा वेग थोडा आणखी वाढतो. हल्ली मी त्यात डोळे मिटून किंचाळते. गाडी आता तोच चालवतो. गिअर टाकताना कुणीतरी दळण भरडल्यासारखा आवाज येतो. मी मागं बसते आणि खिडकीतून लोकांचा ऊस बघते. पुढं, त्याच्या शेजारी, पोरगी बसते.

परवा त्याचा पलटणीतला एक मित्र जतहून आला, बायकोला घेऊन. चहा झाला, फोटो झाला. ती दोघं हसली. मित्राची बायको चांगली होती; हसून झाल्यावर तिला अवघडल्यासारखं झालं, म्हणून तिनं पोरीला विचारलं, "तुला येती का गं गाडी? मम्मीनं शिकीवली असंल की."

पोरीच्या हातात कपांचा ट्रे होता. ती म्हणाली, "न्हाई, पप्पा शिकवणार हायत. मम्मीच्या गाडीत बसायचं म्हटलं की मला पयल्यापास्नं भ्या वाटायचं."

बाप तिच्या लहानपणी नुसता फोनमधला आवाज होता. आता तो खरा मिळालाय आणि तिला तो टिकवायचा आहे, हे मला कळतं. त्यासाठी तिनं मलाच त्याच्या हवाली केलं, हेही कळतं. कळलं म्हणून आग थांबत नाही.

"खोटं बोलतीस," मी म्हणाले. "सांगली येईस्तवर झोपली हुतीस. भ्यालेलं लेकरू असं झोपतं व्हय?"

नवऱ्यानं दोन्ही हात वर केले, गाडी अंगावर आल्यासारखे. "सरका, सरका! ब्रेक लागत न्हाई हिचा."

सगळे हसले. पोरगी सगळ्यांत मोठ्यानं हसली, आणि हसताना ती माझ्याकडं नाही, बापाकडं बघत होती.